झाकणांची कॅमेरा तपासणी: दुपारी चांगला माल नापास होतो, आणि तुटके ब्रिज मात्र सुटतात

कॅपलाइन_७२

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळे देतोय.

माल: २८ मिमी नेकची (बाटलीच्या तोंडाचं माप) एकसंध एचडीपीई प्लास्टिकची झाकणं, निळी, लायनर (आतली वेगळी चकती) नाही, आत प्लग सील (बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारी कड). साचा ७२ कॅव्हिटीचा (झाकण घडवणाऱ्या पोकळ्या), सायकल ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १,२०० नग. स्लिटिंगनंतर (टॅम्पर बँड, म्हणजे झाकण उघडलं की सुटणारं कडं, पात्याने चिरणं; त्याला झाकणाशी धरून ठेवणारे बारीक दुवे म्हणजे ब्रिज) झाकणं उघडी बाजू वर ठेवून व्हॅक्यूम बेल्टवर एका रांगेत येतात. दोन झाकणांच्या केंद्रांमधलं अंतर ४० मिमी, बेल्टचा वेग सेकंदाला ८०० मिमी. वरून एक कॅमेरा (१,२८० × १,०२४ पिक्सेल, मोनो) आणि लाल एलईडीचा डोम (सगळीकडून सारखा उजेड देणारा घुमट), बाजूंना चार कॅमेरे. एक्स्पोजर २०० मायक्रोसेकंद. नापास नग हवेच्या नोझलने उडवले जातात.

अडचण क्रमांक एक: सकाळी रिजेक्ट साधारण १ टक्का, दुपारी १ ते ६ या वेळेत ३.५ टक्के (बिनमधल्या मालाच्या वजनावरून काढलेला आकडा). बिन उपसून हाताने पाहिलं तर तीनातली दोन झाकणं चांगलीच दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये कारणं मुख्यतः दोन येतात, ओव्हॅलिटी (झाकण लंबगोल असणं) आणि सीलच्या कडेवर खाच. थ्रेशोल्ड (नापास ठरवण्याची मर्यादा) सैल केला तर रिजेक्ट उतरतो, पण मग चॅलेंज किटमधलं (मुद्दाम ठेवलेल्या सदोष झाकणांचा संच) खाच असलेलं झाकण पास होऊन जातं. म्हणून मर्यादा पुन्हा होती तिथे आणली आहे.

अडचण क्रमांक दोन: याच लाइनच्या मालात टॅम्पर बँडचे ब्रिज तुटलेली झाकणं ग्राहकाकडे सापडली. बाजूच्या चारही कॅमेऱ्यांनी ती पास केली होती.

सुरुवात कुठून करावी? डीप लर्निंगचं (चित्रांवरून शिकणारं) सॉफ्टवेअर बसवलं तर दोन्ही सुटेल असं सुचवलं जातंय. तसं आहे का?

वाल्व्ह_आणि_एन्कोडर

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एक साधी मोजणी करा. अर्ध्या तासात सॉफ्टवेअरने किती नग नापास केले तो आकडा घ्या, आणि त्याच अर्ध्या तासात बिनमध्ये प्रत्यक्ष किती पडले ते मोजा. वजनावर जाऊ नका, नग मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, हवा शेजारचं झाकण ओढतेय.

तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करून बघा. झाकणाचा बाहेरचा व्यास साधारण ३० मिमी, म्हणजे दोन झाकणांमध्ये मोकळी जागा फक्त १० मिमी. ८०० मिमीच्या वेगाने ती १२.५ मिलिसेकंदांत निघून जाते. झोत १५ मिलिसेकंद उघडा असेल तर तेवढ्यात झाकण १२ मिमी सरकतं. झोत बरोबर मध्यावर बसवला असेल तर केंद्राच्या अलीकडे ६ आणि पलीकडे ६ मिमी. आता व्हॉल्व्ह बंद व्हायला २५ मिलिसेकंद जास्त लागले तर त्यात २० मिमी वाढतात, म्हणजे केंद्रापासून २६ मिमी. पुढच्या झाकणाची कड २५ मिमीवर सुरू होते. लागला झोत तिला.

दुपारीच का, तर हवेचा दाब बघा. एकाच कॉम्प्रेसरवर बाकीच्या मशिनी चढल्या की दाब पडतो, आणि पायलटवर (लाइनमधल्याच हवेच्या दाबावर) चालणारा सोलेनॉइड (विजेच्या इशाऱ्यावरचा व्हॉल्व्ह) कमी दाबाला आळसावतो. मुख्य लाइनवरचा गेज पाहून समाधान मानू नका, नोझलच्या अगदी मागे गेज लावा आणि लागोपाठ पाच-सहा नग नापास होतात तेव्हा काटा किती खाली जातो ते बघा. तिथेच व्हॉल्व्हला लागून छोटी हवेची टाकी, थेट चालणारा वेगवान व्हॉल्व्ह आणि दाब कमी झाला की लाइन थांबवणारा स्विच, एवढं हवंच.

उलटी बाजूही लक्षात घ्या. उशिरा आलेला झोत चांगलं झाकण उडवतो तसा खराब झाकणाला कडेवर स्पर्श करून सोडूनही देतो. म्हणून रिजेक्टच्या तोंडाशी सेन्सर पाहिजे: आदेश गेला आणि ठरलेल्या वेळात झाकण पडलं नाही तर लाइन बंद. आणि ट्रॅकिंग टायमरवर असेल तर ते आधी एन्कोडरवर (बेल्ट किती सरकला ते मोजणाऱ्या सेन्सरवर) आणा. बेल्ट जरा घसरला की टायमरचा हिशोब चुकतो.

लेन्स_आणि_उजेड

वरचं बरोबर आहे, पण तेवढ्याने ओव्हॅलिटीचं कोडं सुटत नाही. ते उजेडात आहे असं मला वाटतं.

निळ्या झाकणावर लाल डोम ही निवडच चुकली आहे. निळा रंग लाल प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे चित्रात झाकण काळपट येतं. ते उजळायला कोणीतरी एक्स्पोजर २०० मायक्रोसेकंदांवर नेलेलं दिसतंय. आता त्याची किंमत बघा: ८०० मिमीच्या वेगाने २०० मायक्रोसेकंदांत झाकण ०.१६ मिमी सरकतं. तुमचं चित्रक्षेत्र झाकणाभोवती थोडी जागा धरून ३६ मिमी असेल तर एक पिक्सेल ०.०३५ मिमीचा, म्हणजे कड साडेचार पिक्सेल पुसट. ०.२ मिमीची खाच अशा चित्रात जवळपास विरघळून जाते. पुसट कडेचा दुसरा त्रास जास्त वाईट: उजेड जरासा हलला की सॉफ्टवेअरला सापडणारी कडही पुढेमागे सरकते. उजेड कमी झाला हे मग स्क्रीनवर ओव्हॅलिटी वाढल्यासारखं दिसतं.

आणि तापल्यावर लाल एलईडीचा उजेड निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीपेक्षा जास्त उतरतो. दुपारचं गणित इथे जुळतं.

उपाय: डोम निळा घ्या. झाकण उजळ येईल, काळे ठिपके त्यावर ठसठशीत दिसतील. एलईडी सतत पेटते ठेवू नका, स्ट्रोबवर (फक्त चित्र घेताना क्षणभर पेटवून) चालवा, म्हणजे थोड्या वेळापुरता जास्त करंट देता येतो. एक्स्पोजर ५० मायक्रोसेकंदांवर आणा: सरकणं ०.०४ मिमी, जेमतेम एका पिक्सेलच्या वर. लेन्सचं अॅपर्चर उघडून उजेड वाढवायचा मोह टाळा. सीलची कड आणि बँडची कड वेगवेगळ्या उंचीवर आहेत, दोन्ही फोकसमध्ये राहायला हव्यात.

चित्राच्या कोपऱ्यात, झाकण जिथे येत नाही तिथे, राखाडी सिरॅमिकचा लहान तुकडा पक्का बसवा. प्रत्येक चित्रात त्याची ग्रे पातळी (चित्रातला उजळपणा) मोजायची. समजा बसवताना १८० आली. ५ ने हलली तर सूचना, १० ने हलली तर लाइन बंद. उजेड उतरला की डोमवर धूळ बसली हे शोधत बसावं लागत नाही, बिघाड झाल्याचं लगेच कळतं. बाहेरचा उजेड शिरतोय का हेही तपासा: दिवा बंद करून एक चित्र घ्या, सरासरी ३ ते ५ ग्रेच्या वर गेली तर खिडकीचं ऊन किंवा छतावरचा दिवा आत येतोय.

मग एकच झाकण त्याच जागी ३० वेळा चालवा. व्यास आणि ओव्हॅलिटी यांच्या आकड्यांचा पसारा काढा. हा पसारा मर्यादेच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर मोजणीच विश्वासाची नाही, १० टक्क्यांच्या आत आली तर निश्चिंत. साधी लेन्स असेल तर झाकण बेल्टवर १ मिमी उचललं गेलं तरी २५० मिमी अंतरावरून व्यासात ०.४ टक्के, म्हणजे ०.१२ मिमी फरक येतो. व्यास खरोखर मोजायचा असेल तर टेलिसेंट्रिक (अंतर थोडं बदललं तरी माप तेच दाखवणाऱ्या) लेन्सला पर्याय नाही. नुसते डाग आणि खाचा बघायच्या असतील तर मात्र तिचा खर्च करू नका.

साचेखाना

दोघांनी तपासणीच्या बाजूने सांगितलं. मी म्हणेन, दुपारी झाकणं खरोखरच वेगळी येत असतील.

एचडीपीई तापमानाला फार ऐकतं. प्रसरण दर अंशाला साधारण १.५ गुणिले १० चा उणे ४ वा घात धरा. ३० मिमीचं झाकण २५ ऐवजी ४५ अंशांना कॅमेऱ्याखाली आलं तर व्यास ०.०९ मिमीने मोठा, म्हणजे अडीच पिक्सेल. शिवाय साच्यातून निघाल्यावर पुढचे कित्येक तास ते आकसत राहतं. लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी मोजलेलं झाकण आणि लाइनवरचं गरम झाकण यांना एकच मर्यादा लावली तर भांडण होणारच. इन्फ्रारेड थर्मामीटरने कॅमेऱ्याच्या तोंडाशी तापमान घ्या, सकाळी आणि दुपारी. फरक ५ अंशांच्या वर असेल तर मधला कूलिंग कन्व्हेयर लांबवा किंवा चिलरकडे बघा. गरम झाकणं खोक्यात किंवा हॉपरमध्ये ढिगाने पडत असतील तर खालची वरच्यांच्या भाराने लंबगोल होतात, आणि ती ओव्हॅलिटी खरी असते. कॅमेरा खोटं बोलत नसतो.

चिलरचं पाणी फार गार करूनही घोळ होतो. साच्याचा पृष्ठभाग दवबिंदूखाली गेला की साचा घामेजतो, आणि झाकणावर पाण्याचे ठसे उमटतात. दमट हवेत कॅमेरा त्यांना डाग म्हणतो.

आता सर्वात महत्त्वाचं. आतल्या माथ्यावर कॅव्हिटी क्रमांक असेलच, आणि तुमचा वरचा कॅमेरा तो बघतोच आहे. वाचायला शिकवा. ७२ कॅव्हिटी म्हणजे प्रत्येकीचा वाटा १.३९ टक्के. एक कॅव्हिटी कायमची बिघडली तर एकट्या तिच्यापायी रिजेक्ट १.४ टक्क्यांनी चढतो. तुमचा १ वरून ३.५ चा उडीचा आकडा मला म्हणूनच संशयास्पद वाटतो: दोन कॅव्हिटी सीमेवर असतील, सकाळी कशाबशा पास होत असतील आणि तापमान वाढलं की मर्यादा ओलांडत असतील. रिजेक्ट सगळ्या कॅव्हिटींवर सारखा पसरलेला असेल तर कारण उजेडात, हवेत किंवा थंडाव्यात. दोन-चार कॅव्हिटींवर साचलेला असेल तर कारण साच्यात: थंड पाण्याची वाट चुन्याने अरुंद झाली, कोअर (झाकणाची आतली बाजू घडवणारा भाग) सरकला, व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) बुजला, हॉट रनरचं (वितळलेलं प्लास्टिक नेणाऱ्या तापत्या वाटेचं) एक टोक कमी तापतंय.

कॅपलाइन_७२

तिघांचेही आभार. दुपारी अर्ध्या तासाची मोजणी केली. एकूण ३६,००० नग. सॉफ्टवेअरने नापास केलेले ७९०, बिनमध्ये मोजलेले १,२४०. म्हणजे ४५० झाकणं नुसती हवेने गेली. नोझलमागे दाब ६ बारवरून ४ वर येतो. त्या ७९० पैकी ४१० नग ३१ आणि ५८ या दोनच कॅव्हिटींचे. बाकी ३८० म्हणजे जवळपास सकाळचाच १ टक्का.

आता ब्रिज. बाजूचे चार कॅमेरे असूनही ते का सुटतात?

स्लिटर_आणि_बँड

कारण तुटलेला ब्रिज बहुतेक वेळा तुटलेला दिसतच नाही.

स्लिटिंगच्या पात्याने केलेली चीर फार बारीक असते. ब्रिज कापला गेला तरी बँड आपल्याच जागी बसून राहतो, चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या. बाहेरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला एक सलग रेघ दिसते. बाटलीवर घट्ट बसवताना किंवा बँड बाटलीच्या मणीवरून (गळ्यावरच्या उंचवट्यावरून) सरकताना ती चीर उघडते, आणि मग ग्राहकाला दिसते.

दोन गोष्टी करता येतात. पहिली, उजेड आतून द्या. वरून आत शिरणारा तीव्र प्रकाश आणि बाजूच्या कॅमेऱ्यांचा उजेड बंद, असं चित्र घेतलं की चिरेतून प्रकाश झिरपतो आणि ब्रिज काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ते मोजायचे. ठरलेली संख्या आली नाही तर नापास. निळं झाकण गडद असेल तर भिंतीतून येणारा प्रकाश कमी, त्यामुळे हे चांगलं साधतं. फिकट किंवा रंगहीन झाकणात सगळंच उजळतं आणि कॉन्ट्रास्ट मरतो. दुसरी, बँडची खालची कड आणि झाकणाची कड यांतलं अंतर पूर्ण वर्तुळाभर मोजा. लागोपाठचे दोन-तीन ब्रिज तुटले की बँड तिथे जागेवरून किंचित हलतो आणि अंतर असमान होतं. एकच तुटला तर हे पकडणार नाही.

चार कॅमेऱ्यांच्या मांडणीतही एक सापळा आहे. प्रत्येकाला ९० अंशांचा भाग, म्हणजे मध्यापासून ४५ अंश दोन्हीकडे. कडेला ०.५ मिमी रुंदीचा ब्रिज तिरपा दिसून ०.३५ मिमीचा होतो, १० पिक्सेल, चालतं. पण झाकण रांगेच्या मध्यातून ३-४ मिमी सरकलं की एका बाजूचा भाग दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या फटीत जातो, शिवाय फोकसही सुटतो. मार्गदर्शक पट्ट्या घट्ट करा आणि शेजारच्या कॅमेऱ्यांच्या क्षेत्रांत किमान १० अंशांचं दुहेरी आच्छादन ठेवा.

तरीही एक गोष्ट मान्य करा. ब्रिज आहे की नाही हे कॅमेरा सांगेल, तो किती मजबूत आहे हे सांगणार नाही. पातं जरा खोल गेलं की ब्रिज शिल्लक राहतो, पण निम्म्या जाडीचा. त्यासाठी दर तासाला काही झाकणं घेऊन बँड ओढून तोडायची चाचणी आणि उघडण्याचा टॉर्क, दुसरा मार्ग नाही. पात्याची धार गेली की कडेला तंतू सुटतात, ते चित्रात दिसतात. तंतूंचं प्रमाण वाढलं की पातं बदलायची वेळ झाली असं समजायचं.

मॉडेल_आणि_किट

डीप लर्निंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या मोजणीनंतर उत्तर सोपं आहे: ४५० झाकणं हवेने गेली आणि ४१० साच्याने. कुठलंही मॉडेल यातलं एकही वाचवू शकत नाही.

ते उपयोगी पडतं तिथे जिथे नियम लिहिता येत नाही. मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचा रंग) नीट न मिसळल्याने आलेले रंगाचे पट्टे, प्रवाहाच्या रेघा, पृष्ठभागाचा खडबडीतपणा. व्यास, ओव्हॅलिटी, ब्रिजची संख्या, ही मोजण्याची कामं आहेत, ती मोजूनच करावीत.

घ्यायचंच ठरलं तर चांगल्या झाकणांची चित्रं ७२ पैकी प्रत्येक कॅव्हिटीची हवीत. एकाच कॅव्हिटीच्या शेकडो चित्रांनी काम होत नाही. सकाळची, दुपारची, साचा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तासाची, मास्टरबॅचच्या वेगवेगळ्या लॉटची. चाचणीची चित्रं वेगळ्या पाळीतली ठेवा. एकच झाकण शिकवणीतही आणि परीक्षेतही आलं तर आलेले गुण फसवे. मॉडेलला आवृत्ती क्रमांक द्या आणि लाइनवर ते स्वतःहून शिकत राहणार नाही याची खात्री करा.

वेळेचा हिशोब लोक चुकवतात. दोन झाकणांमध्ये ५० मिलिसेकंद, तेवढ्यात एक नग हातावेगळा व्हायला हवा. १.३ मेगापिक्सेलचं मोनो चित्र गिगाबिट केबलवरून यायला त्यातले ११-१२ जातात. पण एका झाकणाचा निकाल लागायची मुदत वेगळी आहे: कॅमेऱ्यापासून नोझल ३०० मिमीवर असेल तर ३७५ मिलिसेकंद. या मुदतीत निकाल आला नाही तर झाकण नापासच धरलं जावं, पीएलसीमध्ये (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) तसंच लिहून घ्या. कित्येक ठिकाणी उलटं असतं, आणि संगणक क्षणभर अडकला की न तपासलेला माल पास होत जातो.

आता चॅलेंज किट. प्रत्येक दोषाचं आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं झाकण हवं. बाजूच्या कॅमेऱ्यांसाठी एकच तुटका ब्रिज चालणार नाही, तो चारही दिशांना फिरवून चार वेळा सोडायचा. दोष मर्यादेच्या जरासा वरचा असावा. अर्धं कापलेलं झाकण कुठलाही कॅमेरा पकडतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. झाकणं झिजतात, मळतात, म्हणून किटची मुदत ठरवा. पाळीच्या सुरुवातीला, माल बदलल्यावर आणि प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर किट चालत्या लाइनमध्ये सोडा. किटमधलं एक जरी सुटलं तर मागच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल अडवावा लागतो: दर ४ तासांनी चाचणी असेल तर २,८८,००० नग, दर तासाला असेल तर ७२,०००. किती वेळाने चाचणी घ्यायची हे या आकड्यावर ठरवा.

नवीन उजेड आणि नवीन मर्यादा लावल्यावर एकदा मोठी परीक्षा घ्या. ३०० वेगवेगळी खराब झाकणं सोडली आणि एकही सुटलं नाही, तर सुटण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ६० झाकणांवर तीच खात्री फक्त ५ टक्क्यांपर्यंत जाते. ३० झाकणं दहा-दहा वेळा सोडून ३०० झाली असं धरू नका.

लेन्स_आणि_उजेड

एक राहिलं. गेटच्या (प्लास्टिक साच्यात शिरतं त्या जागेच्या) ठशाची सावली डाग म्हणून येते, त्यासाठी बाहेरच्या माथ्याच्या स्टेशनवर मध्यभागी मास्क (तपासणीतून वगळलेला भाग) लावला असेल. तो किती मोठा आहे ते बघा. ३ मिमी व्यासाचा पुरतो. प्रत्येक तक्रारीनंतर असे मास्क थोडे थोडे वाढत जातात आणि शेवटी निम्मा माथा न तपासता जातो. मास्कची यादी, मापं आणि लावल्याची तारीख छापून मशीनवर चिकटवा, आणि किटमध्ये मास्कच्या अगदी कडेला ०.३ मिमीचा काळा ठिपका असलेलं एक झाकण ठेवा.